तळघरात दर पावसाळ्यात पाणी येतंय? भिंतीला हात लावण्याआधी बाहेरची पातळी मोजा

जुलै लागला की मला एकाच प्रकारचे फोन येतात. ‘तळघराच्या भिंतीला परत ओल आली. मागच्याच वर्षी तर वॉटरप्रूफिंग करून घेतलं होतं.’ पुढचा प्रश्नही ठरलेला असतो : ‘कोणतं केमिकल चांगलं?’ बांधकामाच्या साइटवर माझी पंचवीस वर्षं गेली आणि त्यातली बरीचशी गळती शोधण्यातच गेली. या प्रश्नाचं उत्तर मी आता फोनवर देत नाही. पाणी कुठून येतंय आणि बाहेर किती उंचीपर्यंत साठतंय, हे कळल्याशिवाय डबा विकत घेणं म्हणजे ताप का आला हे न बघता गोळी घेणं.

मी स्वतःही ही चूक केली आहे, तीही घरच्याच माणसांच्या बाबतीत.

माझ्या मावशीचा बंगला पुण्यात टेकडीच्या उतारावर आहे. 2014 मध्ये बांधला. तळघर साधारण 12 मीटर बाय 8 मीटरचं आणि फरशी बाहेरच्या जमिनीपासून 2.2 मीटर खाली. काकांची सगळी पुस्तकं आणि जुन्या दिवाळी अंकांचे गठ्ठे तिथेच असायचे. पहिली दोन वर्षं काही झालं नाही. तिसऱ्या पावसाळ्यात मागच्या भिंतीवर, फरशीपासून गुडघाभर उंचीला ओलीची रेघ उमटली. रेघेच्या वर मिठासारखी पांढरी पूड, खाली रंगाचे पोपडे. मी माणूस पाठवला. त्याने प्लास्टर खरवडून आतून दोन हात कोटिंग मारलं, वर पुट्टी आणि रंग. पुढच्या जुलैत तोच रंग फुग्यासारखा सुटला. बोटाने टोचलं तर आतून पाण्याची धार आली.

दुसऱ्या वर्षी भिंतीला भोकं पाडून दाबाने पीयू ग्राउट, म्हणजे भेगेत शिरून फुगणारं रसायन, भरलं. ती भिंत कोरडी झाली. ऑगस्टमध्ये मावशीचा फोन आला, ‘अरे, त्या कोपऱ्यातलं गेलं, पण आता खोलीच्या मधोमध फरशीच वर आली आहे. पाय ठेवला की डगडग हलते.’ मी जाऊन बघितलं. चार फरश्यांचा सांधा उघडला होता आणि त्यातून स्वच्छ पाणी शांतपणे वर येत होतं. माझ्याबरोबर आलेला मिस्त्री खाली बसून ते बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, ‘साहेब, भिंत गळत नाही. जमीन भरलीय.’

त्याचं म्हणणं शब्दशः खरं होतं.

आपल्याकडे पुणे, नाशिक, सातारा या पट्ट्यात वर थोडी माती, खाली मुरूम आणि त्याखाली काळा पाषाण. बेसॉल्टचा, म्हणजे या काळ्या पाषाणाचा, अखंड थर पाणी सहजासहजी मुरू देत नाही. मुरमातून उतरलेलं पाणी खडकावर येऊन थांबतं आणि उताराच्या दिशेने आडवं सरकत जातं. तळघरासाठी त्या खडकात खड्डा खणला की आपण एक हौदच तयार करतो. त्या हौदात तळघराची पेटी बसवतो आणि पेटीच्या चारही बाजूंना सेंटरिंगसाठी ठेवलेली जागा नंतर मिळेल त्या मालाने भरतो. मुरूम, फुटक्या विटा, सिमेंटच्या रिकाम्या गोण्या, राडारोडा. ही भर सैल असते. पाऊस तिच्यात सहज शिरतो आणि खडकामुळे बाहेर मात्र पडत नाही. पहिली एक-दोन वर्षं भर बसत असते, बाहेरचा कोबा शाबूत असतो. मग भर खचते, कोबा भिंतीपासून सुटतो, त्या फटीतून पाणी आत जायला लागतं. म्हणून गळती बहुतेक वेळा दुसऱ्या-तिसऱ्या पावसाळ्यात सुरू होते आणि मालक चक्रावतो की आधी कसं काही नव्हतं.

आता आकडे बघा, कारण माझे डोळे आकड्यांनीच उघडले. या घराभोवतीची भर साधारण 40 मीटर लांब आणि 75 सेंटिमीटर रुंद, म्हणजे 30 चौरस मीटर. सैल भरीत पोकळी तीस टक्के धरली तर पाण्याला मोकळी जागा उरते 9 चौरस मीटर. गच्ची सुमारे 110 चौरस मीटरची. एका रात्रीत 60 मिलिमीटर पाऊस झाला तर गच्चीवर 6,600 लिटर पाणी जमतं, कारण एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे बरोबर एक लिटर. गच्चीचं पाणी खाली आणणाऱ्या चारपैकी दोन डाऊनटेक पाइप मागच्या बाजूला भिंतीलगतच्या वाफ्यात सोडलेले होते. म्हणजे 3,300 लिटर थेट त्या भरीत. 3.3 घनमीटर भागिले 9. एका रात्रीत हौदाची पातळी 36-37 सेंटिमीटरनी वर. बागेत पडलेलं आणि टेकडीवरून मुरमातून आलेलं पाणी वेगळंच.

हे पाणी भिंतीला नुसतं चिकटून राहत नाही, दाब देतं. एक मीटर उंच पाणी तळाशी दर चौरस मीटरला सुमारे एक टनाने ढकलतं आणि तोच दाब फरशीला खालून वर उचलतो. मावशीकडे फरशीखाली राफ्ट, म्हणजे सळ्या घातलेला काँक्रीटचा अखंड पाया, नव्हतीच. दगडांच्या थरावर (रबल सोलिंग) 10 सेंटिमीटर साधं काँक्रीट आणि वर फरशी. त्या काँक्रीटचं वजन चौरस मीटरला 240 किलो. म्हणजे तळापासून फक्त 24 सेंटिमीटर पाणी चढलं तरी ते उचललं जाण्याच्या बेतात येतं. भिंतीतून जो थोडा पाझर होत होता, तो एका अर्थी दाब सोडत होता. आम्ही भिंत बंद केली आणि पाण्याने फरशी शोधली. माझ्या हातून झालेल्या कामामुळे ती फरशी फुटली, हे मला अजूनही लागतं.

तर निदान कसं करायचं? सगळ्यात आधी वेळ बघा, आणि वहीत लिहा. पाऊस सुरू झाल्यावर तासाभरात पाणी दिसत असेल तर वाट वरची आहे : तळघराची खिडकी, वायरीसाठी पाडलेलं भोक, जोत्याचा सांधा, पार्किंगचा उतार. पाऊस पडल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ओल वाढत असेल आणि आकाश निरभ्र झाल्यावरही आठवडाभर हटत नसेल, तर ते जमिनीत साठलेलं पाणी. मे महिन्यातही ओल असेल तर पावसाला दोष देऊ नका. नळाला पाणी येण्याच्या वेळेत ओल वाढते का बघा, रात्री सगळे नळ बंद करून मीटरचा काटा हलतो का बघा. जमिनीखालची टाकी तळघराला लागून असेल तर ती भरून आतल्या भिंतीवर पेन्सिलने खूण करा, आवक-जावक दोन्ही बंद ठेवा आणि चोवीस तासांनी खूण तपासा. संडासाच्या लाइनचा संशय असेल तर कमोडमध्ये खाण्याचा गडद रंग टाकून पाणी सोडा आणि ओल्या जागी पांढरं फडकं दाबून ठेवा. एकदा बागेतल्या ठिबकची नळी फाटून तळघर ओलं झालेलं मी बघितलं आहे. तिथे भिंत फोडायचं ठरलं होतं, आदल्या दिवशी माळीबुवांनी नळी दाखवली.

दुसरी साधी तपासणी प्लास्टिकची. जाड पारदर्शक कागदाचा दीड फूट बाय दीड फूट तुकडा भिंतीवर लावा, चारही कडा चिकटपट्टीने घट्ट बंद करा, दोन दिवस ठेवा. थेंब कागदाच्या मागे, भिंतीच्या बाजूला जमले तर ओल भिंतीतून येते. कागदाच्या पुढच्या बाजूला, खोलीकडे जमले तर ती खोलीतल्या हवेतली वाफ आहे. तळघरात टीव्हीची खोली करून एसी बसवणाऱ्यांच्या घरात हा दुसरा प्रकार खूप दिसतो. एसीने भिंती गार होतात, पावसाळ्याची दमट हवा दारातून आत येते आणि भिंतीला घाम फुटतो. तिथे वॉटरप्रूफिंगवर पैसे घालवणं व्यर्थ. दार बंद ठेवा, एसीचं तापमान वाढवा, हवेतली ओल काढणारं यंत्र लावा.

आणि तिसरी तपासणी, जी मी आता कोणालाही टाळू देत नाही : बाहेरच्या भरीत निरीक्षणाचा पाइप. भिंतीपासून अर्ध्या मीटरवर, हाताने फिरवायच्या ऑगरने (जमिनीत भोक पाडायच्या गिरमिटाने) तळघराच्या फरशीच्या पातळीच्या फूटभर खाली जाईल असं भोक घ्या. आधी पाण्याची, ड्रेनेजची आणि विजेची लाइन कुठून जाते ते नीट विचारून घ्या. त्यात 110 मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप उभा करा. पाइपच्या खालच्या एक मीटरला ड्रिलने बारीक भोकं पाडलेली आणि त्यावर जिओटेक्स्टाइल कापड गुंडाळलेलं हवं, नाहीतर दोन पावसांत गाळाने भरतो. पाइपाभोवती बारीक खडी आणि वरच्या एक-दीड फुटात चिकणमाती दाबून बसवा, म्हणजे वरचं पाणी पाइपाला धरून सरळ आत उतरत नाही. तोंडाला टोपण. मोजायला टेपच्या टोकाला हातभर खडू फासायचा आणि टेप आत सोडायचा. जिथपर्यंत खडू ओला झाला, तिथे पाणी.

मावशीकडे हा पाइप आम्ही मे अखेरीस बसवला. काका निवृत्त शिक्षक. रोज सकाळी सातला टेप सोडायचे आणि वहीत तारीख, पाऊस आणि पातळी मांडायचे. पहिल्या मोठ्या पावसानंतर पातळी तळघराच्या फरशीच्या वर 62 सेंटिमीटर. ती परत फरशीखाली जायला नऊ दिवस लागले, आणि नवव्या दिवसाआधी पुढचा पाऊस आलाच. आत भिंतीवरची ओलीची रेघ टेपने मोजली. 60 सेंटिमीटर. आत आणि बाहेर एकच पातळी. दोन वर्षं आम्ही भिंतीशी भांडत होतो आणि उत्तर बागेत होतं.

इलाजाचा क्रम इथून ठरतो. सगळ्यात आधी वरचं पाणी हौदात जाणं थांबवायचं. चारही डाऊनटेक जोडून पाण्याचा निचरा रस्त्याकडेच्या पावसाळी गटारात नेला. भिंतीलगतचे वाफे काढून टाकले. मावशीची जाई त्यातच होती. ती मुळांसकट उचलून कुंपणाकडे लावली, जगली. खचलेली भर उकरून वरचा अर्धा मीटर चांगल्या मुरमाने थर देत, धुमसत भरली आणि त्यावर मीटरभर रुंद कोबा केला, भिंतीपासून बाहेर मीटरला तीन सेंटिमीटर उतार. कोबा आणि भिंत यांच्या सांध्यात सिमेंट भरू नका. ते हमखास सुटतं. लवचिक सीलंट भरा. एवढ्यानेच त्या वर्षीच्या उरलेल्या पावसाळ्यात पातळी 62 वरून 30-35 पर्यंत उतरली. खर्चाच्या मानाने एवढा फायदा दुसऱ्या कोणत्याही कामात नाही, आणि तरी लोक इथे सर्वात कमी लक्ष देतात.

इथे शोषखड्ड्याबद्दल एक गोष्ट कळकळीने सांगतो. पावसाचं पाणी जमिनीत मुरवणं फार चांगलं काम आहे, पण तो खड्डा तळघराच्या भिंतीपासून दोन मीटरवर घेतलेला मी अनेक बंगल्यांत पाहिला आहे. आपण आपल्याच हाताने हौद भरतो. शोषखड्डा उताराच्या खालच्या अंगाला, घरापासून शक्य तितका लांब घ्या.

उरलेलं पाणी टेकडीकडून मुरमातून येत होतं. त्याला वाट करून द्यावी लागली. मागच्या आणि एका बाजूच्या भिंतीलगत फरशीच्या पातळीपर्यंत चर, तळाला जिओटेक्स्टाइल, त्यावर खडी, खडीत भोकांचा पाइप, वर पुन्हा खडी आणि कापडाची घडी. पाइपाला 100 मीटरला एक मीटर या हिशेबाने उतार. प्लॉट चांगल्या उतारावर असेल तर हा पाइप खालच्या अंगाला उघड्यावर काढता येतो आणि पंपाची गरजच राहत नाही. आधी ती शक्यता नक्की बघा. आमच्याकडे तेवढा उतार नव्हता, म्हणून कोपऱ्यात पाणी गोळा करणारा संप केला आणि त्यात आपोआप चालू-बंद होणारा अर्ध्या एचपीचा पंप, वर जाणाऱ्या पाइपला पाणी उलट येऊ न देणारा नॉन रिटर्न व्हॉल्व्ह, आणि इन्व्हर्टरवर जोडणी. वीज जाते ती मुसळधार पावसातच, त्यामुळे इन्व्हर्टर असायलाच हवा. पंपाचं पाणी पावसाळी गटारातच सोडा, मैलापाण्याच्या लाइनमध्ये नको. पहिले काही दिवस येणारं पाणी बाटलीत भरून ठेवून बघा. तळाला गाळ बसत असेल तर पंप पाण्याबरोबर मातीही ओढतोय, आणि माती गेली की पाया पोकळ होतो. कापड नीट बसलेलं नाही असं समजा आणि काम थांबवा.

चर खणताना पायाच्या तळाखाली कधीच जाऊ नका. आणि दीड मीटरपेक्षा खोल चरात फळ्या-वाशांचा आधार दिल्याशिवाय माणूस उतरवू नका, पावसाळ्यात तर मुळीच नाही. सैल भर आवाज न करता कोसळते. हे काम दिवाळीनंतर ते एप्रिल या काळातच करा.

बाहेरची पातळी उतरल्यावरच आम्ही आत हात घातला. तेव्हा ग्राउट उपयोगी पडतं आणि टिकतं. भेगेच्या दोन्ही बाजूंना आळीपाळीने, वीत-वीत अंतरावर, तिरपी भोकं अशी घ्यायची की भिंतीच्या जाडीच्या मध्यावर ती भेगेला छेदतील. भोकांत पॅकर, म्हणजे माल दाबाने भरायच्या नळ्या, बसवून खालून वर भरत जायचं. वरच्या पॅकरमधून माल बाहेर यायला लागला की खालचा बंद. वाहतं पाणी थांबवायला पीयू फोम चांगला, पण तो कायमचा इलाज म्हणून विकत असतील तर घेऊ नका. पाणी थांबल्यावर त्याच जागी सिमेंटचं बारीक ग्राउट किंवा, भेग पूर्ण कोरडी असेल तर, इपॉक्सी भरून घ्या. काँक्रीटची भिंत असेल तर आतून क्रिस्टलाइन कोटिंग चालतं. ते ओल्या काँक्रीटच्या केशनलिकांत शिरून स्फटिक बनवतं. विटेच्या भिंतीवर त्याचा उपयोग नाही, आणि दुकानदार हे सांगत नाहीत. हनीकोंब झालेली जागा, म्हणजे जिथे खडी उघडी आणि मधे पोकळ आहे, ती नुसती लिंपू नका. छिन्नीने घट्ट काँक्रीट लागेपर्यंत खोदा, धुवा, मग न आक्रसणारं मॉर्टर भरा.

फुटलेली फरशी मात्र पूर्ण काढावी लागली. स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून हिशेब करून घेऊन, कॉलमांना सळ्यांनी जोडलेला आरसीसी स्लॅब ओतला. त्यामुळे खोलीची उंची 20 सेंटिमीटरनी कमी झाली, काकांना ते आवडलं नाही, पण दुसरा मार्ग नव्हता.

तळघरात प्रत्यक्ष पाणी साचलं असेल तर दोन सूचना. पाण्यात पाय ठेवण्याआधी मेन स्विच बंद करा, वरून. आणि बाहेरची जमीन तुडुंब असताना मोठा पंप लावून सगळं पाणी एका झटक्यात उपसू नका. आतलं पाणी तेवढा वेळ बाहेरच्या दाबाला टेका देत असतं. थोडं उपसा, थांबा, बाहेरच्या पाइपातली पातळी बघा, मग पुढे.

ज्यांना नवीन तळघर बांधायचं आहे, त्यांनी यातला बराचसा त्रास आधीच टाळावा. जागा घेतली की ऐन पावसाळ्यात एक चाचणी खड्डा घ्या, तळघराच्या खोलीपेक्षा मीटरभर जास्त, आणि त्यात पाणी किती चढतं, किती दिवस टिकतं ते बघा. आपले जुने लोक जमिनीखाली साठवण करत होते, पण जमीन पारखून. सांगलीजवळच्या हरिपूरची हळदीची पेवं तिथल्या मातीमुळे वर्षानुवर्षं माल कोरडा ठेवत. 2005 च्या महापुरात मात्र त्या पेवांचंही मोठं नुकसान झालं. म्हणून नदी किंवा ओढा जवळ असेल तर जलसंपदा विभागाच्या निळ्या आणि लाल पूररेषेचा नकाशा आधी बघा. तुमचा प्लॉट त्यात येत असेल तर तळघराचा विचार सोडून द्या. तिथे कोणतंही वॉटरप्रूफिंग पुरत नाही.

भिंती विटांच्या नकोत, आरसीसीच्याच हव्यात, आणि तळाला साधं काँक्रीट नको, राफ्ट हवी. आयएस 456 या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे जमिनीखालच्या पाण्याला लागून असलेलं काँक्रीट किमान एम 25 या ताकदीच्या प्रतीचं लागतं. मी तळघराला एम 30 घ्यायला सांगतो. पाणी-सिमेंट प्रमाण 0.45 धरलं तर 50 किलोच्या पोत्यामागे सगळं मिळून साडेबावीस लिटर पाणी, वाळूतल्या ओलाव्यासकट. माल ओतायला सोपा व्हावा म्हणून मजूर वरून बादली ओततात. त्या दिवशी स्वतः उभे राहा. माल दीड मीटरपेक्षा उंचावरून सोडू देऊ नका, नीडल व्हायब्रेटर दोन ठेवा, एक बंद पडतोच. राष्ट्रीय बांधकाम संहिता तळघराला किमान 2.4 मीटर उंची सांगते, आणि छत बाहेरच्या जमिनीपेक्षा 0.9 ते 1.2 मीटर वर हवं असं सांगते. ती मधली उंची खिडक्यांसाठी आहे. खिडकीचा उंबरा जमिनीलगत आणू नका.

सर्वात जास्त गळती जिथून होते, ती जागा म्हणजे राफ्ट आणि भिंत यांचा सांधा. राफ्ट ओतून झाली की दुसऱ्या दिवशी सेंटरिंगवाले तिच्यावर चालतात. भिंतीच्या सळ्यांमध्ये लाकडाचा भुसा, बाइंडिंग वायरचे तुकडे, चहाचे कप पडतात. वर सिमेंटची पातळ साय धरलेली असते. त्यावरच भिंतीचं काँक्रीट ओतलं की तिथे कायमची फट राहते, डोळ्याला न दिसणारी. म्हणून भिंतीचा पहिला वीतभर भाग, किकर, राफ्टबरोबर एकसंध ओतून घ्या. त्यात सांध्यातून पाणी येऊ न देणारी पीव्हीसी वॉटर स्टॉपची पट्टी अर्धी बुडालेली, अर्धी वर उभी. ती पट्टी दर हातभर अंतरावर तारेने सळ्यांना बांधलेली हवी, नाहीतर माल पडताना ती आडवी होते आणि असून नसल्यासारखी होते. पट्टीचे जोड एकावर एक ठेवून भागत नाही, तापवलेल्या पातीने वितळवून चिकटवायचे असतात. भिंत ओतण्याआधी साय तारेच्या ब्रशने घासून खडी उघडी करा आणि हवेच्या दाबाने कचरा उडवा. साच्याचे पाटे बांधायला वापरलेल्या टाय रॉडची भोकंही तशीच सोडू नका, प्रत्येक भोक मोजून, खूण करून बुजवा.

बाहेरून वॉटरप्रूफिंग करताना आपल्याकडची शहाबादी फरशीची पेटी, म्हणजे तळघर बाहेरून फरशीने मढवणं, मला अजूनही भरवशाची वाटते, अट एकच : फरशी आणि भिंत यांच्यातली पोकळी सिमेंटच्या पातळ मालाने पूर्ण भरली पाहिजे. काठीने ठोकून बघा, बद्द आवाज आला तर आत पोकळ आहे. डांबरी शीट वापरलीत तर भर टाकताना दगड लागून ती फाटू नये म्हणून तिला बाहेरून संरक्षण द्या. कोपऱ्यांना मालाची गोलाई (वाटा) द्या, काटकोनात शीट मोडते. आणि तळमजल्याचा स्लॅब पडल्याशिवाय भर टाकू नका. भिंतीला वरून स्लॅबचा टेका मिळणार, असं धरून हिशेब केलेला असेल, तर त्याआधी भर टाकणं म्हणजे भिंत आत ढकलणं. भर थरांनी, प्रत्येक थर वीतभर, धुमसून. राडारोडा नको. याच वेळी निचऱ्याचा पाइप आणि निरीक्षणाचा पाइप घातला तर खर्च अगदी थोडा. नंतर त्याच कामाला आम्हाला पूर्ण बाग उकरावी लागली.

गेल्या पावसाळ्यात काकांच्या वहीतली सर्वात मोठी नोंद 24 जुलैची आहे : रात्रभर जोराचा पाऊस, सकाळी सातला पाणी फरशीच्या 11 सेंटिमीटर खाली, पंप रात्री सहा वेळा लागला. भिंत कोरडी. आतला रंग अजून लावलेला नाही, चुन्याचा एक हात दिला आहे, म्हणजे ओल आलीच तर लगेच दिसेल. पुस्तकं वरच्या खोलीत आहेत. आणखी एक पावसाळा असाच गेला तर ती खाली न्यायची, भिंतीपासून चार बोटं सोडून, असं ठरलं आहे. मावशी मात्र म्हणते, दिवाळी अंक आधी न्या, जिन्यात चालायला जागा उरलेली नाही.